ड्रॅगनचा मूड फाशांनाच ठरवू द्या

‘ड्रॅगन म्हणजे शेकडो वर्षं जगलेला, महाबुद्धिमान प्राणी. त्याने कसं वागायचं हे दोन फासे ठरवणार?’ डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणारे हा प्रश्न अशा सुरात विचारतात की उत्तर ठरलेलंच आहे: फासे बाजूला ठेवा, डंजन मास्टर ठरवेल. मला हे साफ नामंजूर आहे. ड्रॅगन बुद्धिमान आहे, म्हणूनच फासे टाका.

कारण डीएमच्या डोक्यात ड्रॅगन एकटा नसतो. तिथे रात्र जागून आखलेला गुहेचा नकाशा असतो, शेवटी दणदणीत लढाई व्हावी ही हौस असते. चोर कुठे दडलाय, जादूगाराकडे किती मंत्र उरलेत, हेही त्याला ठाऊक असतं. ड्रॅगनला यातलं काहीच ठाऊक नसतं. मग ‘ड्रॅगन असाच वागला असता’ असं म्हणताना नेमकं कोण बोलतंय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम १९७४ साली आला, तेव्हापासून त्यात यावर उपाय आहे: रिॲक्शन रोल. टॉम मोल्डव्हेने संपादित केलेल्या १९८१च्या बेसिक नियमांत तो फार सुटसुटीत आहे. सहा बाजूंचे दोन फासे टाका. बेरीज २ आली तर थेट हल्ला. ३ ते ५ म्हणजे वैर. ६ ते ८ म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. ९ ते ११ म्हणजे हल्ला नाही. तो निघून जाईल किंवा तुमचा प्रस्ताव ऐकेल. १२ म्हणजे चक्क दोस्ती.

आता गणित करा. थेट हल्ल्याची शक्यता ३६ पैकी १. ‘ठरलेलं नाही’ची ३६ पैकी १६, म्हणजे सुमारे ४४ टक्के. म्हणजे ज्या फाशांना आपण आंधळे म्हणतो, ते बोलणीला भरपूर जागा ठेवतात. बरं, स्वभावही विसरलेला नाही. त्याच नियमांत पांढरा ड्रॅगन झोपलेला सापडण्याची शक्यता ५० टक्के, लाल ड्रॅगनची फक्त १०.

कुणी म्हणेल, ‘द हॉबिट’मधल्या स्मॉगसाठी टोल्किनने फासे टाकले होते का? नाही. पण ती कादंबरी आहे, तिचा लेखक एक. टेबलाभोवती पाच जण बसलेत आणि लेखक तरीही एकच, तर उरलेले चौघे प्रेक्षक झाले.

प्रत्येक वेळी फासे टाका असंही मी म्हणत नाही. अंडं पळवताना पकडलेल्या चोराचं काय होणार, हे सांगायला फासे कशाला? पण उत्तर खरोखर माहीत नसेल तेव्हा टाका. लाल ड्रॅगनला ११ पडले? मग आता डीएमने डोकं चालवावं. त्याचं पोट भरलंय का? शेजारच्या ड्रॅगनची बातमी हवीय का? फासे फक्त मूड सांगतात, कारण शोधणं ही डीएमची खरी कामगिरी.

आणि फासे सगळ्यांसमोर टाका. पडद्याआड टाकून मनासारखा आकडा सांगायचा असेल, तर ते शकुनीचे फासे झाले.

आठ सेशन्स सलग प्रत्येक ड्रॅगन लढलाच, की खेळाडू एक धडा शिकतात: बोलून उपयोग नाही. मग ते तोंड उघडण्याआधी तलवार उपसतात, आणि आपण तक्रार करतो की हल्ली कुणी रोलप्ले करत नाही.

बोलून सुटका होऊ शकते हे टेबलावर दिसलं, तरच कुणी बोलेल.