विमानाचे नव्हे, दारापासूनचे तास मोजा

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड भागातील आपले व्यापारी व कारागीर बांधव मालाच्या खरेदीसाठी दुबईला, कामधंद्यासाठी आखातात आणि उमराहसाठी जेद्दाहला जातात. ही समाधानाची बाब आहे. परंतु तिकीट काढताना प्रश्न एकच विचारला जातो : विमान किती तासांचे? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे.

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर. विमान ते पाच-साडेपाच तासांत कापते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन-सव्वातीन तास. पण वाशीमहून मुंबई विमानतळ साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी महामार्ग धरला तरी विश्रांतीसह आठ-नऊ तास लागतात. तेथे तीन तास आधी हजेरी द्यायची. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत एक-दोन तास जातात. जेद्दाहच्या पाच तासांचे असे अठरा-वीस तास होतात. दुकान किती दिवस बंद राहील, कारागिरांची सोय काय, हा हिशेब त्यावर बसवला पाहिजे.

म्हणूनच केवळ मुंबईचाच विचार करू नये. हैदराबाद ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे ४,१३० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा सहाशेने जास्त. मात्र विमानाला त्यासाठी पाऊण तासच अधिक लागतो. उलट वाशीमहून हैदराबाद मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटर जवळ आहे आणि हिंगोली, नांदेडमार्गे थेट रेल्वेही आहे. आकाशातले सहाशे किलोमीटर स्वस्तात जातात, जमिनीवरचे शंभर महाग पडतात. तिकिटाच्या दरात गाडीभाडे, मुक्काम आणि जेवण मिळवून मगच दोन्ही शहरांची तुलना करावी.

दुसरी बाब घड्याळाची. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी अरेबिया अडीच तास मागे. मुंबईहून दहाला निघालेले विमान दुबईला पावणेबाराला पोहोचते असे दिसले, तरी प्रवास सव्वातीन तासांचाच असतो. परतीच्या तिकिटावर हेच अंतर वाढलेले दिसते. मालाची वेळ ठरवताना हा फरक धरावा.

रात्री बारानंतरच्या विमानाबाबत तर विशेष सावध राहावे. तिकिटावर १० तारीख, ००.४० अशी वेळ असेल, तर ९ तारखेच्या रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर असले पाहिजे. म्हणजे वाशीमहून ९ तारखेच्या सकाळीच निघावे लागते. १० तारखेला निघणाऱ्याचे विमानही जाते आणि पैसेही.

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. पाहुण्याला सोडून भाऊ किंवा मुलगा त्याच रात्री गाडी घेऊन परत फिरतो, ही पद्धत बंद झाली पाहिजे. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर झालेल्या बस अपघातात २५ जीव गेले. रात्रीच्या रस्त्याचा धोका त्याने दाखवून दिला आहे. एका मुक्कामाचे भाडे जिवापेक्षा मोठे नाही.

सफर रोजीसाठी असो वा इबादतीसाठी, वेळ आणि जीव या दोन्ही अल्लाहच्या अमानती आहेत. त्यांचा हिशेब घराच्या दारापासून सुरू होतो, विमानाच्या दारापासून नव्हे.