चंद्रावरील रणगाडे

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांचा मुलगा सुटीच्या दिवशी संगणकावर रणगाड्यांचा ‘बॅटलझोन’ हा खेळ तासन्‌तास खेळत असतो. त्यात घेण्यासारखे काही आहे, की तो निव्वळ कालापव्यय आहे? हा प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे त्याचा विचार येथेच करणे उचित होईल.

या नावाचा पहिला खेळ अटारी कंपनीने १९८० साली काढला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेषांचे रणगाडे आणि दूरवर डोंगरांची ओळ, एवढेच त्यात दिसे. ॲक्टिव्हिजन कंपनीने १९९८ साली तेच नाव घेऊन निराळा खेळ रचला. त्याची सुधारलेली आवृत्ती २०१६ साली निघाली. त्याची कल्पित कथा अशी की, १९६० नंतरची चांद्रस्पर्धा हा केवळ देखावा होता. प्रत्यक्षात अमेरिका व सोव्हिएत रशिया एका अद्भुत धातूसाठी चंद्र, मंगळ, शुक्र आदी गोलांवर गुप्तपणे लढत होते.

प्रथम गुण पाहू. युद्धाच्या इतर अनेक खेळांत सेनापती पटावरील सोंगट्यांप्रमाणे वरून सैन्य हलवितो. येथे तो स्वतःच रणगाड्यात बसलेला असतो. भंगार गोळा करावयास गाड्या पाठवावयाच्या, त्यातून नवी वाहने घडवावयाची, आणि हे करीत असतानाच समोरून येणारा मारा चुकवावयाचा! चुकीच्या आज्ञेचे फळ त्याला तेथेच भोगावे लागते. भंगाराचा साठा मर्यादित असल्याने काटकसरीचा धडाही मिळतो. शिवाय हे युद्ध रशियाच्या बाजूनेही लढता येते. शत्रूच्या जागी उभे राहून पाहण्याची ही संधी अल्प नव्हे.

आता दोष. कळा इतक्या की नवशिक्याचा जीव मेटाकुटीस येतो. हाताखालची वाहने कित्येकदा खडकांत अडकून पडतात आणि ऐन वेळी उपयोगी येत नाहीत. परंतु याहून मोठा दोष कथेचा आहे. चंद्र म्हणजे रणांगण, ही कल्पना कोवळ्या मनात सहज रुजते.

म्हणून मुलाला खरा इतिहासही सांगावा. ज्या दोन राष्ट्रांना हा खेळ चंद्रावर झुंजवितो, त्यांनीच १९६७ च्या अंतराळ करारावर सह्या केल्या. चंद्रावर लष्करी तळ उभारू नयेत, तेथे शस्त्रांच्या चाचण्या घेऊ नयेत, असे त्या करारात नमूद आहे. जुलै १९७५ मध्ये त्याच दोन राष्ट्रांची अपोलो व सोयुझ ही याने पृथ्वीभोवती फिरत असता एकमेकांस जोडली गेली आणि अंतराळवीरांनी हस्तांदोलन केले. आपले चांद्रयान-३ देखील २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले ते तोफ घेऊन नव्हे, तर तेथील मातीची व भूकंपांची परीक्षा करणारी उपकरणे घेऊन.

तात्पर्य, खेळावर सरसकट बंदी नको. वेळेचे बंधन मात्र असावे. आणि आई-वडिलांनी एकदा तरी मुलाशेजारी बसून विचारावे, “बाळ, ही लढाई टाळता आली असती का?” या प्रश्नाचे उत्तर संगणक देणार नाही, ते घरातच शोधावे लागेल.