मुद्देमाल कोणाचा?

आमच्या नववीच्या वर्गात एका मुलाने मध्यंतरी विचारले, "सर, नीरव मोदी लंडनला, हिरे हाँगकाँगला, फसलेली बँक मुंबईत, मग पंचनामा कोणी करायचा?" मुलाचे वडील सुरतेस हिऱ्यांना पैलू पाडतात, तेव्हा ही शंका पुस्तकी नव्हती.

परमुलखात आपल्या पोलिसांचा हुकूम चालत नाही. आपल्या न्यायालयाने विनंतीपत्र धाडावे, तेथील अधिकाऱ्यांनी ते आपल्या कायद्यास ताडून पाहावे, मग कोठे कुलूप उघडते. मोदी व मेहुल चोक्सी ह्यांच्या कंपन्यांचे सुमारे २३०० किलो हिरे, मोती व दागिने हाँगकाँगच्या गोदामातून जून २०२० मध्ये मुंबईस आले. सक्तवसुली संचालनालयाने किंमत सांगितली १३५० कोटी.

परंतु माल देशी येणे निराळे आणि धन्यास पोचणे निराळे. बारडोलीकरांस हे कोणी शिकवावयास नको. १९२८ च्या सत्याग्रहात सरकारने शेतसाऱ्यापायी जमिनी खालसा केल्या, काही तर परक्यांस विकल्या. (तेथे शेतकरी गुन्हेगार नव्हता, हे सांगणे नलगे.) तडजोडीच्या वेळी ह्या विकलेल्या जमिनींचाच पेच मोठा होता; त्या मूळ मालकांस मिळाल्याच पाहिजेत, ही अट वल्लभभाईंनी सोडली नाही. आजच्या कायद्यातही खऱ्या हक्कदारास मालमत्ता परत देण्याची तरतूद आहे, पण न्यायालयाच्या आज्ञेने. आणि न्यायालयास घाई नसते.

"मग बँकेला मिळाले का?" मुलाने पुन्हा विचारले. मोदीच्या प्रकरणात बँकांना १०५२ कोटी परत केल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले होते. फसवणुकीचा आकडा सुमारे साडेसहा हजार कोटींचा. आम्ही दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. वजाबाकी त्याने केली.