पकड म्हणजे साठा नव्हे

न्यूफाउंडलंडच्या समुद्रातील कॉड मासळी मासेमारीपुढे कितपत तग धरेल, हे 1980च्या दशकात ठरवताना ट्रॉलरच्या पकडीला मोठे वजन दिले जाई. तासभर जाळे ओढल्यावर मिळणारी मासळी घटली नाही, म्हणजे समुद्रातलीही घटलेली नाही, असा तो तर्क. तो मुळातच चुकीचा आहे. संख्या रोडावली तरी उरलेला कॉड थवे करून राहतो आणि ध्वनियंत्राने थवा हेरणारा ट्रॉलर नेमके तिथेच जाळे ओढतो. रिकाम्या पाण्यात जाळे पडतच नाही, मग ते रिकामे येणार कसे? संशोधन-जहाजे मात्र चिठ्ठ्या टाकल्यागत निवडलेल्या जागी जाळे ओढून रिकाम्या जागाही नोंदवत. त्यांचे अंदाज कमी येत. किनाऱ्यालगतचे मच्छीमारही मासळी कमी आणि लहान येते म्हणून ओरडत होते. त्यांचे सापळे एका जागी बांधलेले, मासा आपणहून आला तरच मिळणारा. त्यामुळे त्यांच्या तक्रारीला ट्रॉलरच्या आकड्यापेक्षा अधिक मोल द्यायला हवे होते. 2 जुलै 1992 रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवहार मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी या कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली आणि सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला.

मादी लाखो अंडी घालते, मग वंश कसा खुंटेल, हा दुसरा दावा. 1883 मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी कॉडची मासेमारी अक्षय्य ठरवली, पण तेव्हाच्या साधनांपुरती. ही अट पुढे सोयीने विसरली गेली. एका मादीच्या जन्मभराच्या अंड्यांतून सरासरी दोन मासे वीण घालण्याइतके वाढले, तरच साठा स्थिर राहतो.

म्हणून मोजायची ती गाबोळी. मासेमारी चालू असताना एका माशाकडून जन्मभरात सरासरी किती गाबोळी पडते आणि मासेमारी नसती तर किती पडली असती, यांचे गुणोत्तर हेच टिकाऊपणाचे खरे माप. अनेक साठ्यांसाठी ते 30 ते 40 टक्क्यांखाली जाऊ नये असे मानतात. हा कॉड पाच-सहा वर्षांनी वयात येतो, शिवाय थोराड मादीची अंडी वजनाच्या प्रमाणाबाहेर जास्त असतात. कोवळा मासा जाळ्यात गेला की पकड भरघोस असूनही गुणोत्तर कोसळते.

साठा कोसळला त्या काळी पाणी गार होते, हा बचाव खरा पण अपुरा आहे. थोराड माद्या शाबूत असल्या तर साठा काही वाईट वर्षे सोसतो; इथे त्याच उपसल्या गेल्या होत्या. हे वेळीच कळायला पकडीच्या वजनासोबत वयही नोंदावे लागते. माशाच्या कानातला खडा कापून त्यावरची वर्षागणिक उमटलेली वलये मोजली, की ते मिळते.