न्यूनगंड की तेजोवध?

दूरचित्रवाणीवरील कर्णाविषयी आपल्या घराघरांतून गेली साडेतीन दशके जी चर्चा चालू आहे, तिचा सारा रोख अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: या माणसाला स्वतःची किंमत कधी कळली काय? २ ऑक्टोबर १९८८ रोजी दूरदर्शनवर बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ सुरू झाले आणि ९४ भागांनंतर १९९० मध्ये संपले. त्यातील पंकज धीर यांच्या कर्णाने प्रेक्षकांवर अशी काही मोहिनी घातली की करनाल येथे आणि आमच्या छत्तीसगढमधील बस्तर येथे आपल्या रूपातील कर्णाची पूजा होते, असे ते मुलाखतींतून सांगत. पुढे २०१३-१४ मध्ये स्टार प्लसवर अहम शर्मा यांचा कर्ण आला. २०१५ मध्ये सोनीवर ‘सूर्यपुत्र कर्ण’ ही मालिकाच त्याच्या नावाने निघाली. २०२० च्या टाळेबंदीत जुने ‘महाभारत’ पुन्हा दाखवण्यात आले. नट बदलले, प्रेक्षकांची पिढी बदलली, प्रश्न मात्र तसाच राहिला.

या प्रश्नाभोवती तर्कांचे मोठे जाळे विणले गेले आहे. आपण कुंतीचे पुत्र आहोत हे त्याला विसाव्या वर्षी कळते तर? द्रौपदीने स्वयंवरात त्याचा अव्हेर केला नसता तर? कृष्णाने देऊ केलेले राज्य त्याने नाकारले ते दुर्योधनावरील निष्ठेमुळे, की आपण त्या राज्याला पात्र नाही असे त्याला मनातून वाटत होते म्हणून? कोणत्या प्रसंगी त्याचा आत्मसन्मान ढासळला, कोणत्या प्रसंगी सावरला, आणि अखेरीस रथाचे चाक रुतले तेव्हा त्या ‘व्यक्तिरेखेचा आलेख’ पूर्ण झाला की अपुरा राहिला? साहित्याचे विद्यार्थी आता हीच भाषा प्रबंधिकांतून लिहू लागले आहेत आणि त्यांचे मार्गदर्शक तिच्याखाली संमतीची सही करतात. म्हणूनच या हौशी तर्कांची दखल घेणे मला भाग वाटते. माझे म्हणणे असे की हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला आहे, आणि त्या चुकीची किंमत कर्णाला नव्हे, दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते.

मराठी समीक्षकाने हे बोलताना आधी आपले घर पाहावे. दूरचित्रवाणीवरचा कर्ण पाहण्याची दृष्टी आपल्याला दूरचित्रवाणीने दिलेली नाही. ती शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये, म्हणजे चोप्रांच्या दोन दशके आधी दिली. रणजित देसाईंच्या ‘राधेय’ने १९७३ मध्ये ती आणखी हळवी केली. ‘मृत्युंजय’चा हिंदी अनुवाद भारतीय ज्ञानपीठाने प्रसिद्ध केला आणि मराठी कर्ण हिंदी प्रदेशात गेला, तेथे १९५२ मध्येच दिनकरांच्या ‘रश्मिरथी’ने त्याच्यासाठी जमीन नांगरून ठेवली होती. भिलाईसारख्या गावात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. १९५५ च्या सोव्हिएत करारातून उभा राहिलेला आणि १९५९ मध्ये सुरू झालेला पोलाद कारखाना, त्याभोवतीचे सेक्टर, त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे. घरात ‘मृत्युंजय’, मुलांच्या पाठ्यपुस्तकात दिनकर, आणि रविवारी सकाळी दूरदर्शन! माणसाची ओळख ज्या गावात त्याच्या कामावरून आणि श्रेणीवरून ठरते, तेथे कुलाचा दाखला मागितला गेलेल्या कर्णाची व्यथा जवळची वाटावी, यात नवल नाही. त्या जिव्हाळ्याची मी टिंगल करत नाही. माझी तक्रार त्या जिव्हाळ्यातून निघालेल्या निदानाविषयी आहे.

‘न्यूनगंड’ हे ते निदान. या शब्दात एक गोम आहे. ज्याचा अपमान झाला त्याच्याच मनात दोष शोधायला तो आपल्याला शिकवतो. शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कृपाचार्य कर्णाला कुल विचारतात; भीम त्याला धनुष्य टाकून चाबूक हाती घे म्हणून हिणवतो. भरसभेत घडलेल्या या कृती आहेत आणि त्यांना कर्ते आहेत. आपण मात्र त्या कर्त्यांना सोडून देतो आणि ज्याला हिणवले त्याच्या अंतर्मनाची तपासणी सुरू करतो. जातीच्या अपमानाचे रूपांतर व्यक्तीच्या मनोविकारात करण्याची ही युक्ती मराठी समाजाला नवी नाही. दलित आत्मकथनांचे स्वागत करतानाही आपल्यापैकी काहींनी तीच वापरली होती.

मुळात व्यासांचा कर्ण त्या रंगणात करतो काय? नुकताच तो अंगदेशाचा राजा झाला आहे, मस्तक अभिषेकाच्या पाण्याने ओले आहे. इतक्यात घामाघूम झालेला, काठीच्या आधाराने चालणारा अधिरथ सारथी आत येतो. कर्ण धनुष्य बाजूला ठेवतो आणि ते ओले मस्तक सर्वांसमक्ष त्याच्या पायांशी नमवतो. त्या नमस्कारानेच त्याचे सूतपण जगजाहीर होते आणि भीमाला बोलायला तोंड मिळते. ज्याला आपल्या जन्माची लाज वाटते तो असे करत नाही. तो बापाला ओळख दाखवणे टाळतो. उद्योगपर्वात कृष्ण त्याला ज्येष्ठ पांडवाचे सिंहासन देऊ करतो तेव्हा कर्ण आपल्या पात्रतेची चर्चासुद्धा करत नाही. राधेने मला दूध पाजले, अधिरथाने माझे संस्कार केले, सूतकुळातील स्त्रियांशी माझे विवाह झाले, त्यांच्यापासून मला पुत्र-पौत्र आहेत, आणि दुर्योधनाच्या आधाराने मी तेरा वर्षे राज्य भोगले, असा हिशेब तो मांडतो. ऋणांचा असा चोख हिशेब मांडणाऱ्या माणसाला स्वतःची किंमत कळली नव्हती असे म्हणणे धाडसाचे आहे. त्याच्या जगात किंमत मनात साठवायची नसून नात्यांत चुकवायची होती, एवढेच.

गंमत अशी की अव्हेराच्या ज्या प्रसंगावर या तर्कांची अर्धी इमारत उभी आहे, तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. सूताला वरणार नाही हे द्रौपदीचे उद्गार पाठभेदांत गेले आहेत. पुण्यात १९१९ पासून जवळजवळ अर्धशतक चाललेल्या या कामाचे फलित आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसावे आणि मालिकेतील संवाद तोंडपाठ असावेत, हा दोष विद्यार्थ्यांचा मुळीच नव्हे. असो.

कर्णावर जे घडले त्यासाठी महाभारताने स्वतःच एक शब्द योजला आहे: तेजोवध. युद्धाच्या आधी युधिष्ठिर शल्याकडे मागणी करतो ती हीच. तू कर्णाचा सारथी होशील तेव्हा त्याचा तेजोवध कर. युद्धाच्या तोंडावर भीष्म योद्ध्यांची प्रतवारी लावतो आणि कर्णाला अर्धरथी ठरवतो; कर्ण भीष्म असेपर्यंत शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करतो. पुढे शरपंजरी पडलेल्या भीष्माला तो एकटा भेटायला जातो तेव्हा भीष्म कबूल करतो की तुझा तेजोवध व्हावा म्हणूनच मी कठोर बोललो. हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला आणि आजही तो वापरात आहे. ‘तेजोवध झाला’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणी केला?’ ‘न्यूनगंड आहे’ म्हटले की कोणीच काही विचारत नाही. रोग्याला फक्त सहानुभूती मिळते. घरात इतका नेमका शब्द असताना आपण दुसऱ्या शब्दाने काम का भागवतो, याचे उत्तर कर्णाच्या रसिकांनी द्यावे.

त्यांना ते अवघड जाईल. कारण तेजोवध म्हटले की द्यूतसभा आठवते आणि तेथे तो करणारा कर्ण असतो. विकर्ण द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो तेव्हा त्याला गप्प करणारा कर्णच. अनेकांची म्हणून तिला कुलटा ठरवणारा आणि तिची व पांडवांची वस्त्रे काढून घे असे दुःशासनाला सांगणारा कर्णच. दुःशासनाचा हात आपल्याला लख्ख आठवतो. ती आज्ञा कोणाची होती ते आपण विसरतो. जे विसरत नाहीत ते लगेच कारण पुढे करतात: स्वयंवरातील जखम भळभळत होती, आत्मसन्मान तळाला गेला होता, त्या बिंदूपासून तर त्याचा आलेख वर चढू लागतो! म्हणजे एका स्त्रीची सभेत झालेली विटंबना ही नायकाच्या मनोविकासातील एक पायरी ठरली. माझा आक्षेप नेमका येथे आहे. आलेख ज्याचा काढला जातो त्याच्या वाट्याला भविष्य येते; जी त्या आलेखावरील बिंदू होते तिच्या वाट्याला काहीच येत नाही. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णासह कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण एवढे सगळे बोलतात. द्रौपदीला निवेदन नाही. सावंतांच्या प्रतिभेबद्दल मला आदर आहे. शोण आणि वृषाली यांना त्यांनी जो जीव दिला तो मराठी कादंबरीचे वैभव आहे. पण तिला बोलू दिले असते तर ती कादंबरी इतकी लाडकी झाली असती काय, ही शंका मला सोडत नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘युगान्त’मध्ये इरावतीबाई कर्व्यांनी कर्णाच्या ओळखीचा प्रश्न गंभीरपणे घेतला आणि तरीही त्याला सूट दिली नाही. ते पुस्तक आपण वाखाणले, साहित्य अकादेमीने गौरवले, आणि कर्णाची तसबीर मात्र ‘मृत्युंजय’मधलीच भिंतीवर लावली.

रसिकांनी तर्क करूच नयेत, असे कोणी माझ्या तोंडी घालू नये. तर्काशिवाय महाभारत आजवर टिकलेच नसते. भासाचे ‘कर्णभार’ हा तर्कच आहे. पण तर्क करण्याची दुसरी रीत आहे आणि ती पाहायला मला भिलाईहून फार दूर जावे लागत नाही. जवळच्या गनियारी गावात तीजनबाईंचा जन्म झाला. पारधी समाजातील ही मुलगी पंडवानी गाऊ लागली, तीही पुरुषांप्रमाणे उभी राहून, कापालिक शैलीत. त्यासाठी तिला जातीबाहेर टाकण्यात आले. पुढे त्यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि २०१९ मध्ये त्या पद्मविभूषण झाल्या. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनीही बहुधा आत्मविश्वासाची गोष्ट सांगितली आहे. वास्तविक ती एका जमातीने केलेल्या तेजोवधाची आणि तो न जुमानता चालू राहिलेल्या कामाची गोष्ट आहे.

पंडवानीत एकच कलावंत सगळे होतो. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य. जी आता दुःशासन होऊन गरजत होती तीच पुढच्या श्वासाला द्रौपदी होऊन आक्रोश करते, त्यामुळे कोणा एकाच्या अंतर्मनात मुक्काम ठोकून बसणे श्रोत्याला शक्यच होत नाही. आणि समोर रागी असतो. तो हुंकार देतो, मध्येच अडवतो, ऐकणाऱ्यांच्या मनातली शंका मोठ्याने विचारतो: मग पुढे काय झाले? तो का गप्प बसला? तिने काय म्हटले? रागी हाही तर्क करणारा रसिकच. परंतु त्याचा प्रश्न कृतीविषयी असतो आणि तो सर्वांना लागू होतो. या कथेचा नायक भीम आहे, ज्याने सभेतली ती आज्ञा लक्षात ठेवली.

दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’मध्ये श्याम बेनेगल यांनी १९८८ मध्ये महाभारतासाठी तीजनबाईंची पंडवानी योजली होती. म्हणजे एकाच काळात, एकाच वाहिनीवर, दोन्ही रीती प्रेक्षकांपुढे आल्या होत्या. एकीची छायाचित्रे घरोघर लागली. दुसरी लोककला म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवली गेली आणि तिच्याकडून समीक्षेने काही शिकावे असे विद्यापीठांना वाटले नाही.

कर्णावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून उद्योगपर्वातील एक जागा पुन्हा वाचावी. कृष्णाशी बोलताना कर्ण खरोखर पश्चात्ताप व्यक्त करतो: दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कटू बोललो, त्या कर्माने आज मला जाळ होतो आहे. मालिकेचे चाहते आणि कादंबरीचे वाचक या ठिकाणी आलेख पूर्ण झाल्याची खूण करतात. त्या वाक्यात पांडव आहेत, दुर्योधन आहे. द्रौपदी नाही. ती का नाही, कर्णाला ती आठवली नाही की व्यासांनी ते मुद्दाम तसे ठेवले, यावर खुशाल तर्क करावेत. भीष्माने शरपंजरी पडल्यावर कर्णापाशी जी कबुली दिली तशी कर्णाने तिच्यापाशी कधी दिली नाही, आणि सतराव्या दिवशी तो मारला गेला.