नणंद ड्युटीवर असते तेव्हा

"सिस्टर घरचीच आहे, तिच्यापासून काय लपवायचं?" हे वॉर्डात इतकं सहज बोललं जातं की कुणी हरकत घेत नाही. मी घेते.

समजा, भावजय गर्भपातासाठी दाखल झाली आणि त्याच रुग्णालयात नणंद सिस्टर आहे. तिने केसपेपर चाळला, तर त्यावर भावजयीचं नाव दिसताच कामा नये. २००३च्या नियमांप्रमाणे केसपेपरवर, थिएटरच्या रजिस्टरमध्ये फक्त अनुक्रमांक टाकायचा. संमतिपत्र पाकिटात सीलबंद करून वर 'गुप्त' असं लिहायचं. नाव असतं ते दाखल-रजिस्टरमध्ये, आणि ते रजिस्टरही गुप्तच. सज्ञान बाईला यासाठी नवऱ्याची संमती कायद्याने लागत नाही. नवऱ्याला सांगायचं की नाही हे जिथे ती स्वतः ठरवते, तिथे नणंदेच्या एका फोनने ते सासरी कळवायचा हक्क कुणी दिला?

"घरच्यांना कळलं तर ते काळजीच घेतील," असं म्हणतात. काही घरांत घेतीलही. काही घरांत तिला बॅग भरून माहेरी धाडतील. आपलं घर कुठल्या जातीचं, हे पेशंटइतकं कुणालाच ठाऊक नसतं. एचआयव्हीत तर जोडीदाराच्या जिवाचा प्रश्न असतो. तरी २०१७च्या कायद्याने त्याला सांगण्याचं काम फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे दिलंय, तेही आधी पेशंटचं समुपदेशन करून. सिस्टर सख्खी बहीण असली तरी तिला ती मुभा नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकच सिस्टर असेल, तर तिने नात्यातल्या बाईला सलाईन लावायचं नाही? लावायचंच, आणि मायेने लावायचं. पण कामापुरतंच वाचायचं, आणि घरी सासूबाईंनी खोदून विचारलं तर "तिलाच विचारा" एवढंच म्हणायचं. त्या दोन शब्दांची किंमत सिस्टरला चुलीपाशी मोजावी लागते, म्हणून सगळा भार तिच्यावर टाकणं मला मान्य नाही. इन्चार्ज सिस्टरने नातं कळताच शक्य तिथे ड्युटी बदलावी. नाहीच जमलं, तर सोबतच्या माणसांना बाहेर काढून, पडदा ओढून पेशंटला विचारावं, "ही तुमच्या नात्यातली आहे, हिने केलेलं चालेल ना?" आणि बाई गप्प राहिली, तर ते होकार धरू नये.