वेगाचा निर्णय माथ्यावरच व्हावा

महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठले की त्याचे छायाचित्र वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकते, यावरूनच हिमाशी आपला परिचय किती जुजबी आहे हे ध्यानी यावे; आणि म्हणून हिवाळ्यात मनालीला वा काश्मीरला सहलीस गेलेल्या मराठी कुटुंबास, गोठलेल्या उतारावर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी आपल्याच लहरीने दरीकडे सरकू लागते तेव्हा, जो विस्मय व जी भीती वाटते ती स्वाभाविकच होय. परंतु ज्या निसर्गनियमाने ती गाडी तेथे घसरते, त्याच नियमाने आषाढ-श्रावणात मुंबई-गोवा महामार्गावरील निवळी आणि हातखंबा यांच्या उतारांवर अवजड वाहने घसरतात, कलंडतात आणि माणसे मरतात. फरक एवढाच, की हिमाचे भय सर्वांस मान्य आहे. ओल्या डांबराचे भय मात्र अद्याप कोणाच्या हिशेबी धरलेले नाही.

नियम अगदी साधा आहे. गाडी थांबते ती ब्रेकमुळे, असे आपण म्हणतो. वस्तुतः ब्रेक केवळ चाक थांबवितो, गाडी थांबविते ते टायर आणि रस्ता यांतील घर्षण. ताशी ६० किलोमीटर वेगाने सपाटीवर चाललेली मोटार कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरांत थांबते; रस्ता ओला असल्यास तिला ३५ मीटर लागतात, आणि बर्फ असल्यास १४० मीटर. शंभर मीटरांस सहा मीटर असा उतार असेल, तर बर्फावरील हेच अंतर साडेतीनशे मीटरांवर जाते, कारण उरलेसुरले घर्षण उतारच खाऊन टाकतो. चालकास धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत जे पंधरा-सतरा मीटर निघून जातात ते निराळेच. मात्र वेग निम्मा केला, की ब्रेकचे अंतर चौथाईवर येते. या व्यवहारात माणसाच्या बाजूचे म्हणावे असे एवढेच एक कलम आहे.

आता हातखंब्याचा विचार करावा. येथे मुंबई-गोवा महामार्गास रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा मार्ग छेदतो, आणि जयगडच्या बंदरातून निघालेले द्रवरूप वायूचे टँकर निवळीला महामार्गास लागून येथूनच गोव्याच्या वा घाटमाथ्याच्या दिशेने जातात. मृगाच्या पहिल्या सरींनी उन्हाळाभर डांबरावर साचलेले तेल, टायरांचा भुगा आणि जांभ्याची तांबडी धूळ यांचे मिळून जे रबरबीत लेपण तयार होते, त्यावरून पुढे झिजलेला टायर आला म्हणजे ओल्या रस्त्याचे गणित हळूहळू बर्फाच्या गणिताकडे सरकू लागते. त्यात दशकाहून अधिक काळ रेंगाळलेल्या चौपदरीकरणाची भर: कोठे नवा काँक्रीटचा पट्टा एकाएकी संपतो, कोठे तात्पुरता वळणरस्ता लागतो, आणि मोकळ्या पट्ट्यावर घेतलेला वेग घेऊनच चालक त्या अरुंद वळणात शिरतो.

टँकरची गोष्ट साध्या मालमोटारीहून अवघड आहे. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो म्हणून त्याची टाकी कधीच काठोकाठ भरीत नाहीत. आणि काठोकाठ न भरलेला हंडा डोक्यावर घेऊन पाखाडी उतरणाऱ्या बाईस जसे आतल्या पाण्याच्या हेलकाव्याबरोबर मान सावरावी लागते, तसे कित्येक टनांच्या त्या हेलकाव्याबरोबर चालकास आपले वाहन सावरावे लागते. वळणावर वाहनास बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, टाकीचे गुरुत्वमध्य उंच असते, आणि लहान मोटार जे वळण सहज पार करते त्याच वळणावर टँकर आडवा होतो. बाहेर पडलेला वायू हवेहून जड असल्याने वर उडून न जाता सखल भागात, म्हणजे घरांच्या आणि वाड्यांच्या दिशेने, उतरतो.

हे केवळ अनुमान नव्हे. २२ सप्टेंबर २०२२ रोजी लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून असाच एक टँकर काजळी नदीच्या पात्रात कोसळला आणि चालक प्राणास मुकला. २०२५ च्या जुलैअखेर खुद्द हातखंब्यास टँकर उलटून वायुगळती झाली, भर पावसाच्या रात्री आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली आणि महामार्ग कित्येक तास बंद राहिला. याच महामार्गावर दक्षिणेस, केरळात कण्णूरजवळ चाला या गावी, २७ ऑगस्ट २०१२ रोजी उलटलेल्या टँकरच्या वायूने पेट घेतला आणि २० माणसे दगावली. हातखंब्याची त्या रात्री सुटका झाली, तिला यंत्रणेची तत्परता कारण होती हे खरे. पण दैवाचाही वाटा त्यात मोठा होता, आणि दैवावर विसंबून महामार्गाचा कारभार चालविता येत नाही.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर पंचनाम्यात चालकाचा ताबा सुटल्याचे वाक्य ठरल्याप्रमाणे येते. ताबा सुटला हे खरेच असते. तो केव्हा सुटला, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. जुने चालक सांगतात, की ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात तो उतरावा; कारण खालच्या गिअरात इंजिनच गाडीस मागे ओढून धरते आणि ब्रेक ऐन वेळेसाठी थंड राहतो. याउलट चार पैशांचे डिझेल वाचविण्यासाठी जो गाडी न्यूट्रल करून सोडतो, त्यास सारा उतार ब्रेकवर काढावा लागतो. अर्ध्या घाटात लायनर जळल्याचा करपट वास येऊ लागतो, पेडल दाबूनही गाडी जुमानीत नाही, आणि तेव्हा खालचा गिअर टाकू म्हटले तर तो पडत नाही. थोडक्यात, ताबा सुटतो तो वळणावर नव्हे. तो माथ्यावर, उतार लागण्यापूर्वी, सुटलेला असतो, वळणावर केवळ त्याचा निकाल लागतो.

हिमालयात हे तत्त्व राज्यकर्त्यांनी केव्हाच ओळखले आहे. जोझिलावर हिमकाळी एका वेळी एकाच दिशेची वाहतूक सोडतात, चाकांना साखळ्या नसल्यास चौकीवरूनच परत पाठवितात; मनालीच्या वर हिमवृष्टी होताच चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनांखेरीज इतरांस मज्जाव होतो. तेथे चालकाच्या शहाणपणावर सारी भिस्त न ठेवता माथ्यावर वा पायथ्याशी सरकारचा माणूस उभा असतो. कोकणातल्या घाटांत फलक आहेत, सूचना आहेत, पण थांबविणारा हात नाही.

चालकच बेफिकीर असतात, त्यांना कडक शिक्षा करा, म्हणजे प्रश्न मिटेल, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु खेपेच्या हिशेबाने मेहनताना मिळणाऱ्या, सलग रात्री जागणाऱ्या आणि बहुधा दूरच्या सपाट मुलखातून आलेल्या माणसास केवळ दंडाची भीती घालून घाट उतरविता येत नाही. तसेच केवळ रस्ता रुंद झाल्याने सारे निभेल ही दुसऱ्या पक्षाची आशाही फोल आहे, कारण रुंद उतार वेगास आळा न घालता उलट आमंत्रणच देतो.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. जयगडहून टँकर निघतानाच त्याचे टायर, ब्रेक आणि चालकाची विश्रांती यांची तपासणी होऊन तसा दाखला सोबत द्यावा, आणि ती जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर कायद्याने टाकावी. जून ते सप्टेंबर या काळात निवळी आणि हातखंबा येथे उताराच्या माथ्यावर चौकी बसवून अवजड वाहने थांबवावीत, खालचा गिअर टाकूनच पुढे सोडावीत आणि उतारभर ताशी ३० किलोमीटरांची मर्यादा यंत्राने मोजून अंमलात आणावी. मुसळधार पावसाच्या रात्री वायूचे टँकर माथ्यावरच थोपवून ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक अंमलदारास आगाऊ देऊन ठेवावा, म्हणजे ऐन वेळी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट पाहावी लागणार नाही.

यावर मालाच्या विलंबाची तक्रार होईल, मनुष्यबळ नसल्याची सबब पुढे येईल. परंतु टँकर उलटल्यावर महामार्ग बंद पडतो तेव्हा सर्वांचाच माल अडतो, आणि पोलीस, अग्निशमन, महसूल व आरोग्य या चारही खात्यांची माणसे रातोरात रस्त्यावर उभी राहतातच. अपघातानंतर जी उपलब्ध होतात, त्यांपैकी चार माणसे पावसाळ्याचे चार महिने अपघातापूर्वी उपलब्ध करून द्यावीत, एवढीच मागणी आहे. आणि ती मागण्याचा हातखंब्याच्या रहिवाशांचा हक्क कोणत्याही दप्तरातील सबबीने तहकूब ठेवता येणार नाही.